अंगुरीबाईचा फर्मा

रिसोडच्या कापडबाजारात शिखरचंदचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको अंगुरीबाई हातमशीन चालवायची. मशीन तिच्या माहेरचं. लग्नात आलं तेव्हा सासरच्यांनी ते कौतुकानं पाहिलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. सात-आठ वर्षं त्यावर कापड टाकलेलं होतं. पुढं सासू गेली, घरातल्या कामाची घडी बसली, तेव्हा अंगुरीबाईनं ते खाली काढलं, तेलपाणी केलं आणि पहिल्यांदा स्वतःचंच पोलकं शिवलं.

त्या काळात खेड्यांतल्या थोरल्या बाया चोळीतच होत्या. पण नव्या सुनांना, शाळेत जाऊन आलेल्या मुलींना ब्लाऊज पाहिजे असायचा. दुकानात कापड घ्यायच्या, आणि मग पुढे काय, म्हणून घुटमळायच्या. शिंपी पुरुष. त्याच्यासमोर उभं राहून माप देणं कुणाला जमायचं नाही. जुना ब्लाऊज मापाला द्यावा, तर जुना असायला तर हवा. शिखरचंद गिऱ्हाइकाची अडचण ओळखणारा माणूस. तो म्हणायचा, "मांगं जा, घरचे लोक हायेत." आणि बाई मागच्या खोलीत गेली की अंगुरीबाई दार लावून घ्यायची आणि गळ्यातली टेप काढायची.

असं करता करता तिच्याकडे इतकं शिवण यायला लागलं, की एकटीच्या हातानं उरकेना. एकाहत्तर साल असेल. रिठदची तुळसाबाई एका बाजाराच्या दिवशी आली. ही शिंप्याच्या घरची सून. सासरा उकंडराव गावचा जुना शिंपी, घरात पायमशीन, आणि तुळसाबाईला टाके घालता येत होते. फक्त बायकांचं बेतायला येत नव्हतं. उकंडरावानं जन्मभर सदरे, बंड्या आणि कोपऱ्या शिवलेल्या. ब्लाऊजचं नाव काढलं, की तो तोंड फिरवायचा.

"बाई, तुमी मले कापून द्या फक्त. शिवतो मी," तुळसाबाई म्हणाली.

"रोज कोन रिठदहून कापाले येईन?" अंगुरीबाई म्हणाली. "थांब. तुले कागदच देतो."

तिनं दुकानातला जाड खाकी कागद घेतला. मधल्या बांध्याच्या बाईचा ब्लाऊज त्यावर बेतला. पाठ, पुढचा भाग, बाही, गळ्याची पट्टी, सगळं आखून कापून दिलं. हा फर्मा. तो कापडावर ठेवायचा, खडूनं कड मारायची आणि कात्री चालवायची. आता सगळ्याच बाया मधल्या बांध्याच्या नसतात, म्हणून कागदाच्या कोपऱ्यात तिनं शिसपेन्सिलीनं लिहिलं: भरल्या अंगाला पाठीच्या नि पुढच्या मिळून चारी तुकड्यांना एक वाढव. जास्त असेल तर दीड. बारीक असेल तर अर्धा कमी कर.

"याचं काय द्याचं?" तुळसाबाईनं विचारलं.

"काई नाई. आन् कोनी मांगतला तं तूबी कापून दे. लपवून नोको ठेवू."

अंगुरीबाईनं हे सहज म्हटलं होतं. पण खेड्यापाड्यांतून ते पसरलं. तुळसाबाईच्या फर्म्यावरून तिच्या बहिणीनं कागद कापला, बहिणीवरून नणंदेनं. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, विहिरीवर, जिथं बाया जमल्या तिथं फर्म्याची गोष्ट निघायची. दोन वर्षांत तो रिसोडच्या पलीकडं मालेगावच्या बाजूला, किन्हीराजापर्यंत गेला. कुणाच्या घरी वर्तमानपत्रावर, कुणाच्या घरी सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर. अंगुरीबाईला त्यातली निम्मी गावं पाहून माहीत नव्हती. कुणी येऊन सांगितलं, की अमक्या गावात तुमच्या कागदावरून पोलकं शिवलं, की ती दिवसभर खुशीत असायची. बोलून दाखवायची नाही, पण भाजीत मीठ दोनदा पडायचं.

पहिली तक्रार रिठदहूनच आली, आणि ती हसण्यावारी गेली. तुळसाबाई एक ब्लाऊज घेऊन आली. त्यात दोन बाया मावल्या असत्या.

"असं कसं झालं व?" अंगुरीबाई हसून म्हणाली.

"मामाजीनं खुना केल्या. मले वाचता येत नाई, तं मनलं तुमीच पाहून द्या. त्याईनं कागदावर 'एक' वाचलं आन् एक वाढवला. मलेबी जास्त दिसलं, पन कागदच तसं सांगते मनले."

अंगुरीबाईनं फारसा विचार केला नाही. उकंडराव म्हातारा माणूस, नजर कमी झाली असेल. तिनं दोन्ही बगलांतून शिवण आत घेतली, ब्लाऊज अंगाजोगा करून दिला, आणि ती गोष्ट विसरली. पुढं तिला स्वतःचा राग यायचा तो याच गोष्टीचा. ढिलं ते आत घेता येतं, म्हणून आपण हसलो. तेव्हाच विचारायला हवं होतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात किन्हीराजाहून प्रयागबाई आली. सकाळच्या एस.टी.नं निघून, मालेगावला गाडी बदलून, दुपारच्या उन्हात ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. चाळिशीची, काटक बाई. घरी चार एकर जमीन, नवरा आणि ती दोघं राबणारी. तिनं सरकारी शिवणवर्ग केला होता, आणि गावातलं बायकांचं शिवण तिच्याकडंच असायचं. अंगुरीबाईनं तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"अंगुरीबाई तुमीच काय?" तिनं विचारलं, आणि आत येऊन पिशवीतून ब्लाऊज आणि फर्म्याचा कागद काढून पुढं टाकला. मोतिया रंगाचं भारी कापड. "पाच दिवसांनी लेकीचं लगन हाय. तिच्या मामानं नांदेडहून आनलं हे कापड. एकच तुकडा होता. तुमच्या कागदावरून कापला, आन् हे पाहा, हूकच लागत नाई. चार बोटाची फट राह्यते. तुमचा कागद खोटा हाय, बाई."

शिवण पाहून अंगुरीबाईला कळलं, की ही हाताची पक्की बाई आहे. टाके सरळ, टक्स जागच्या जागी, काज नीट. शिवणीच्या आत जादा कापडाची माया मात्र सोडलेली नव्हती, एवढा भरवसा तिनं कागदावर ठेवला होता. उसवून वाढवायला काही नव्हतंच.

"तुमी किती वाढवलं?"

"कागदात लिवलं तेवढंच. दीड. पोरगी भरल्या अंगाची हाय."

"दाखवा बरं, कसं मोजलं ते."

प्रयागबाईनं कमरेची टेप काढली आणि फर्म्याच्या कडेला लावून दीडवर बोट ठेवलं. अंगुरीबाईनं वाकून पाहिलं. बोट जेमतेम पाऊण इंचाच्याही आत होतं. तिनं आपली टेप शेजारी ठेवली. प्रयागबाईची टेप सेंटिमीटरची. वर्गात तीच मिळालेली, वर्गात तीच शिकवलेली. अंगुरीबाईची टेप इंचांची. कागदावर नुसतं लिहिलेलं होतं, दीड. कशाचे दीड, ते लिहायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण तिच्या घरात दीड म्हणजे दीड इंच याशिवाय दुसरं काही कधी नव्हतंच.

प्रयागबाईनं दोन्ही टेपांवरचा दीड आळीपाळीनं बोटानं दाबून पाहिला.

"माय व," प्रयागबाई हळूच म्हणाली. "माहीबी चूक नाई, तुमचीबी नाई."

"माहीच हाय," अंगुरीबाई म्हणाली.

तिनं प्रयागबाईला पाणी दिलं आणि दुकानातल्या तुकड्यांचं गाठोडं सोडलं. मोतियाला जवळचा रंग शोधून दोन्ही बगलांत लांबट पट्ट्या बसवल्या. रंग एक नव्हता, पण हात खाली असला की दिसत नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं प्रयागबाई परत गेली. लग्न पार पडलं. नंतर कधी तरी तिनं सांगितलं, की लेकीनं अख्ख्या लग्नात हात वर केला नाही. हार घालतानासुद्धा कोपर अंगाला चिकटवून घातला. प्रयागबाईनं हे गमतीनं सांगितलं होतं. अंगुरीबाईच्या मनातून ते कधी गेलं नाही.

प्रयागबाई गेली त्या रात्री नवऱ्याशी बोलायचा अंगुरीबाईला धीर झाला नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिनं त्याला सगळं सांगितलं. शिखरचंद सुपारी कातरत ऐकत होता.

"सोपं हाय," तो म्हणाला. "फर्मा देनं बंद कर. ज्याले पाह्यजे तो इथं येऊन शिवून घेईन. तुह्या हातचं कधी चुकत नाई."

"किन्हीराजाची बाई एका पोलक्यासाठी दोन गाड्या बदलून येईन काय? आन् जे कागद गेले त्याईचं काय?"

"ते गेले. त्याईले कोन वापस आनते?"

हे मात्र खरं होतं. गेलेला कागद परत येणार नव्हता. कुणाकुणाच्या पेटीत, कुणाकुणाच्या आढ्याला किती फर्मे अडकवलेले असतील याचा हिशेब कुणापाशीच नव्हता. अंगुरीबाईला वाटलं, आपण फार मोठ्या मनानं म्हणून गेलो, कापून दे, लपवू नको. देताना मन मोठं होतं. पण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊन कशी वागेल याचा विचार त्यात नव्हता.

आधी तिनं सोपा उपाय केला. नव्या टेपांचा डझन घेतला, सगळ्या इंचाच्या, आणि येईल त्या बाईला फर्म्याबरोबर एक एक द्यायला लागली. महिन्याभरात त्यातली खोट कळली. वर्गात शिकलेल्या बायांना इंच उमगेना. त्या कागद अंगुरीबाईच्या टेपनं पाहायच्या आणि कापड आपल्या. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. नवी टेप तिनं आपल्या गळ्यातल्या जुन्या टेपशेजारी ताणून धरली, तर तीस इंचांत अर्ध्या इंचाचा फरक. तिला वाटलं, नवा माल हलका आला. ती दुकानात गेली आणि कापड मोजायच्या लोखंडी मीटरवर दोन्ही टेपा लावून पाहिल्या. त्या मीटरवर सरकारी छाप होता, दर साली तपासून यायचा. नवी टेप बरोबर होती. चौदा वर्षं गळ्यात वागवलेली, घामानं आणि ओढून ओढून ताणलेली तिची स्वतःचीच टेप लांबली होती.

त्या दिवशी ती टेप तिनं परत गळ्यात घातली नाही. सगळ्या बायांना खोटं ठरवायला आपण निघालो होतो, आणि खोट आपल्याच गळ्यात होती.

मग तिला रिठदचा ढिला ब्लाऊज आठवला, आणि ती एस.टी.त बसून थेट उकंडरावाच्या घरी गेली. म्हातारा ओट्यावर सुईत दोरा ओवत होता. चष्म्याविना, एका झटक्यात. नजर कमी झाली असेल ही तिची समजूत तिथंच गेली.

"बाबाजी, तुमी त्या कागदावरचा एक कशानं मोजला?"

उकंडरावानं सुई टोचून ठेवली, आत गेला आणि लोखंडी गज घेऊन आला. गजावर सोळा खाचा. "हे गिरह," तो म्हणाला. "सोळा गिरहाचा गज. माह्या बापानं यानंच शिवलं, म्याबी यानंच. तुह्या कागदात एक होतं, म्या एक गिरह धरला. आता रिसोडच्या बाया ढिलं घालत असतीन, मले काय ठाऊक."

तुळसाबाई दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती.

अंगुरीबाईनं पिशवीतून नवी टेप काढली, प्रयागबाईसारखी सेंटीची एक आणली होती तीही काढली. तिघांनी ओट्यावर गज ठेवला आणि दोन्ही टेपा त्याला लावल्या. एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच. दोन गिरह साडेचार. म्हातारा खाचांवर नख फिरवत पुढं सरकत होता. चौथ्या खाचेवर नख थांबलं, आणि अंगुरीबाईनं पाहिलं, की तिथं इंचाच्या टेपवर बरोबर नऊ आले होते. सेंटीवर तेवीस, केसभर कमी.

"बाबाजी, इथंच धरून ठेवा," ती म्हणाली.

तुळसाबाई पुढं आली आणि तिनं आपला पंजा पसरून त्यावर ठेवला. "वीत झाली व ही तं. जिच्यापाशी टेप नाई तिनं इतीनं पाहावं."

"वीत तुही वेगळी, माही वेगळी," उकंडराव म्हणाला. "इतीनं कापड कापू नये."

त्या ओट्यावरच अंगुरीबाईनं नवा फर्मा आखला. पाठीच्या तुकड्यावर मधोमध एक जाड सरळ रेघ मारली, लोखंडी गजावरून उतरवून, नऊ इंचांची. तिच्या शेजारी लिहिलं: आधी इथं आपली टेप लाव. नऊ आले तर लाल आकडे वाच. तेवीस आले तर निळे. चार आले तर काळे. यातलं काही जुळलं नाही तर कापडाला कात्री लावू नको, रिसोडला ये. आणि कोपऱ्यात एकाच मापाचे तीन आकडे, तीन रंगांत. लाल एक, निळे अडीच, काळा अर्ध्याला थोडा कमी. लाल अर्धा, निळा सव्वा, काळा पाव. काळे आकडे उकंडरावानं सांगितले आणि तिनं लिहिले. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी रंग होते, आणि आकडे तेवढे बहुतेक बायांना कळायचे.

आता जुने फर्मे. बाजाराच्या दिवशी ती दुकानात पुढं येऊन बसायला लागली. आधी शिखरचंदला हे पटलं नव्हतं, पण त्यानं गादीवर जागा करून दिली. कापड घेणाऱ्या प्रत्येक बाईला ती विचारायची, "घरी माहा कागद हाय काय? रेघ हाय काय त्याच्यावर? नसन तं चुलीत घाल आन् हा घेऊन जा." खाली साल लिहायची, म्हणजे कुठला नवा, कुठला जुना हे समजावं. बरेच बदलले गेले. सगळे नाहीत. वर्षाकाठी एखादी तरी बाई आवळ ब्लाऊज घेऊन यायचीच. अंगुरीबाई कुणाला बोल लावायची नाही. बगलेत पट्टी घालून द्यायची.

एकदा प्रयागबाई आली ती स्वतःच कापलेला कागद घेऊन. जरा संकोचून म्हणाली, "राग नका मानू बाई. तुमचा मुंढा कामाच्या बाईले बगलेत काचते. निंदाले, कापूस इचाले वाकलं की ओढते. म्या इथं गोलाई थोडी खोल केली. चौघीले शिवून देल्ली, चांगली बसली."

अंगुरीबाईनं कागद पाहिला आणि म्हणाली, "ठीक हाय, ठेवा." दोन दिवस तो तसाच पडून राहिला. तिनं कधी शेतात निंदलं नव्हतं. सावलीत बसून शिवणाऱ्या बाईनं बेतलेला मुंढा होता तो. पण आपल्या फर्म्याला दुसरीनं हात लावला हे गळ्याखाली उतरायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं तसा एक ब्लाऊज शिवून अंगात घातला, कोनाड्यातला डबा काढायला हात वर केला, आणि पुन्हा खाली घेतला. मग पुन्हा वर केला. त्यानंतर फर्म्यावर तोच मुंढा आला, आणि देताना ती सांगायची, "हा मुंढा किन्हीराजाच्या प्रयागबाईचा."

सत्त्याहत्तरात रिसोडला शिवणवर्ग निघाला आणि बेतायला शिकवायला अंगुरीबाईला बोलावलं. वर्गाच्या बाई अकोल्याहून आलेल्या, तरुण, हुशार. त्यांनी फर्मा कौतुकानं पाहिला आणि म्हणाल्या, "हे लाल आणि काळे आकडे आता काढून टाका. देशात सगळीकडे मीटर आलंय. किती दिवस हे जुनं ओढत बसणार?"

अंगुरीबाईनं वर्गातल्या बायांकडं पाहिलं. "घरी इंचाची टेप कोनाकोनापाशी हाय? हात वर करा."

अकरांपैकी सात हात वर गेले.

"मीटर मलेबी मान्य हाय, बाई," ती म्हणाली. "पन या सात जनी घरी जाऊन कशानं मोजतीन?" त्या बाईंनी फर्मा परत तिच्या हातात दिला. रंग तसेच राहिले.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर उकंडराव गेला. अंगुरीबाई भेटायला रिठदला गेली. माणसं होती, रडणं झालं, आणि निघताना तुळसाबाई तिला गावाबाहेरच्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. रिसोडची गाडी यायला वेळ होता. दोघी कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या.

"बाई, एक सांगू?" तुळसाबाई म्हणाली. "आता काळे आकडे नका लिवू. मामाजीसाठीच लिवत होते तुमी. दुसऱ्या कोनापाशी गज नाई. मी स्वतः लालच वाचतो."

"कोनाले लागलं तं?"

"कोनाले लागनार नाई. म्या चार गावं इचारली."

अंगुरीबाईनं पिशवी उचलली. गाडी आली, ती चढली, खिडकीशी बसली. बाजूच्या रानात तुरी फुलावर आल्या होत्या. तिला वाटलं, एका माणसासाठी आपण पाच वर्षं एक रंग लिहीत होतो, असं तर नाही ना? मग वाटलं, एका माणसासाठी लिहिला असला तरी काय बिघडलं. तो म्हातारा त्या काळ्या आकड्यांवरून नातींचे ब्लाऊज बेतत होता. आधी तोंड फिरवणारा माणूस, शेवटी शेवटी तुळसाबाईला टक्स कुठं घ्यायचे ते सांगायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी किन्हीराजाकडच्या एका सुनेसाठी फर्मा कापायचा होता. अंगुरीबाईनं कागद पसरला. रेघ मारली, आधी लोखंडी मीटरवर टेप लावून, कारण टेपवर आता तिचा भरवसा नव्हता. लाल आकडे लिहिले, निळे लिहिले. काळी पेन्सिल उचलली आणि तशीच हातात धरून बसली. दुकानातून शिखरचंदनं कापडाचं ठाण पाहिजे म्हणून हाक मारली, तरी तिला ऐकू आली नाही.

मग तिनं समोरच्या जुन्या फर्म्यावरचं रेघेजवळचं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं आणि "चार आले तर काळे" एवढं सोडून बाकीचं लिहिलं. कागद गुंडाळला, दोऱ्यानं बांधला. बाहेर ती सून बसली होती, मांडीवर मूल घेऊन. अंगुरीबाईनं तिला रेघ कशी पाहायची ते दोनदा समजावून सांगितलं, आणि तिच्या टेपवर कुठला आकडा येतो ते तिथंच लावून पाहिलं. तेवीस आले.